उडतं किती, उचलतं किती?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं)

मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हिशेबाची वही मिटली, चहा आला आणि एका ताईंनी मोबाईल पुढे केला. जुना काळा-पांढरा व्हिडिओ होता. एक सैनिक बारक्याशा फळीवर उभा आहे, हातात सायकलसारखा दांडा, पायाखाली मोठा पंखा गरगर फिरतोय आणि तो उभ्या उभ्याच हवेत तरंगत चाललाय. खाली कुणीतरी लिहिलं होतं की हे तंत्र सत्तर वर्षांपूर्वीच तयार होतं, पण मोठ्या देशांनी ते दडवून ठेवलं. ताई म्हणाल्या, "हे खरं असेल तर आपण अजून एसटीसाठी फाट्यावर दोन-दोन तास का उभ्या राहतो?"

सगळ्या हसल्या. मला मात्र तो प्रश्न फार आवडला. त्या दिवशी मी अर्धवट उत्तर दिलं होतं, आज नीट देते.

व्हिडिओ खरा आहे. तो सैनिक खरंच उडत होता. दडवल्याची गोष्ट तेवढी खोटी. ते यंत्र अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या फोर्ट युस्टिस इथे लष्कराच्या संग्रहालयात ठेवलंय, कुणीही बघावं. त्याचं नाव एरोसायकल, म्हणजे हवेतली सायकल. १९५४च्या सुमाराला डी लॅकनर नावाच्या कंपनीने ते बनवलं. त्या काळात अमेरिकेच्या लष्कराला वाटत होतं की पुढच्या लढाईत अणुबाँब पडतील, रस्ते-पूल राहणार नाहीत, मग टेहळणीला माणूस पाठवायचा कसा? तर एकेका सैनिकाला उडतं करायचं. होडीला लावतात तसलं इंजिन घेतलं, खाली पंधरा-पंधरा फुटी दोन पंखे बसवले, एक उजवीकडे फिरणारा आणि एक डावीकडे. दोन का, तर एकच पंखा असता तर तो एका बाजूला फिरताना वरची फळी आणि तीवरचा माणूस उलट्या बाजूला भिरभिरले असते.

वळायचं कसं? अंग झुकवून. पुढे झुकलं की पुढे, डावीकडे कललं की डावीकडे. डोक्यावर घागर घेऊन पायवाटेने चालताना आपण तोल सांभाळतो ना, तसंच काहीसं. कंपनीचं म्हणणं असं की, कधी विमानात न बसलेल्या सैनिकालाही वीस मिनिटांत हे शिकवता येईल.

वीस मिनिटं! सायकल शिकायला तुम्हाला-मला किती दिवस लागले आणि गुडघे किती वेळा फुटले, ते आठवा.

ज्या वैमानिकाने चाचण्या घेतल्या तो कसलेला होता. त्याने ते उडवून पाहिलं आणि त्याचं मत झालं की नवख्याचं हे काम नव्हे. दोनदा ते कोसळलं. दोन्ही वेळा वरच्या पंख्याची आणि खालच्या पंख्याची पाती एकमेकांत अडकली आणि तुटली. सैनिक उभा कुठे होता? बरोबर त्या पात्यांच्या वर. तो वाचला हे नशीब. शिवाय पंखे जमिनीच्या इतके जवळ की खालचे खडे, माती, काटक्या सगळं उडायचं. आपल्या खळ्यावर उधळणीचा पंखा लावला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. आणि दोन्ही हात दांड्याला गुंतलेले, पाय फळीला, आवाज कोसभर जाणारा. असा माणूस टेहळणी करणार कशी आणि लपणार कुठे? हे विचारायला कुणी लष्करी तज्ज्ञ असायला हवं असं नाही. ते काम तिथेच थांबवलं.

आता दुसरी वस्तू. ती तर थेट उडती तबकडीच. सिनेमात परग्रहावरून येते तशी, गोल, चकचकीत. फरक एवढाच की ही परग्रहावरून आली नव्हती, कॅनडात टोरांटोजवळच्या माल्टन इथे एव्हरो कॅनडा नावाच्या विमान कारखान्यात बनली. जॉन फ्रॉस्ट नावाचा इंग्लंडचा इंजिनिअर तिचा कर्ता. माणूस हुशार होता, हे आधी सांगते, कारण पुढची गोष्ट ऐकून तुम्ही त्याला वेड्यात काढाल.

तबकडीचं नाव एव्हरोकार. व्यास अठरा फूट, म्हणजे आपल्या साध्या घरातली मोठी खोली होईल एवढा. आत तीन जेट इंजिनं. त्यांच्या झोताने मधला पाच फुटी पंखा फिरायचा, त्याला १२४ बारीक पाती. पंखा वरची हवा आत ओढायचा आणि ती हवा नळ्यांतून तबकडीच्या कडेकडेने खाली सोडली जायची. दोन बाजूंना दोन खोबणी, एकेक माणूस बसेल अशा. सांगितलं असं गेलं होतं की ही जागच्या जागी उभी उचलली जाईल, दहा हजार फूट उंच जाईल आणि तासाला जवळजवळ पाचशे किलोमीटर धावेल. धावपट्टी नको, रस्ता नको.

सुरुवातीला कॅनडाच्या सरकारने पैसा दिला, मग अमेरिकेच्या लष्कराने आणि हवाई दलाने मिळून ओझं उचललं. इथेच पहिला घोळ. लष्कराला हवी होती उडती जीप, सैनिक आणि सामान नेणारी. हवाई दलाला हवं होतं रडारच्या नजरेखालून जमिनीलगत तरंगणारं आणि मग आवाजाच्याही पुढे पळणारं विमान. एकाच यंत्राने दोघांचं मन राखायचं. आपल्याकडे म्हणतात ना, दोन घरचा पाहुणा उपाशी. तसं झालं.

१९५९च्या सप्टेंबरात तिला दोरखंडांनी बांधून आधी उचलून पाहिलं आणि नोव्हेंबरात मोकळी सोडली. उचलली गेली. अगदी खरं सांगते, उचलली गेली. आणि तीन फुटांवर अडकली.

तीन फूट म्हणजे आपल्या ओट्याएवढी उंची. त्याच्या वर गेली की ती हिंदकळायला लागायची. स्टीलचं ताट हातातून सुटून फरशीवर पडलं की कसं कडेकडेने डुगडुगत फिरतं, थेट तसं. वैमानिकाला ती सावरता यायची नाही.

असं का व्हावं? कारण तुम्हाला रोज चुलीवर दिसतं. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलंय, आतली वाफ कोंडली की झाकण किंचित उचललं जातं. बोटभर. उचललं की एका बाजूने वाफ निसटते, झाकण त्या बाजूला कलतं, मग दुसऱ्या बाजूने निसटते, तिकडे कलतं. खडखड, खडखड. पण ते झाकण कधी छपराला जाऊन लागलंय का? नाही. कारण वाफ कोंडलेली आहे तोवरच ते उचललेलं आहे. तबकडीचं तेच. कडेने खाली सोडलेली हवा तबकडी आणि जमीन यांच्यामध्ये कोंडून एक गादी तयार व्हायची. जमीन जवळ होती तोवर गादी होती. तबकडी वर गेली की गादी फाटायची आणि हवा कधी या बाजूने, कधी त्या बाजूने निसटायची. म्हणजे जे उडणं वाटत होतं ते खरं म्हणजे हवेच्या गादीवर बसणं होतं.

एक तबकडी त्यांनी कॅलिफोर्नियात नासा या संस्थेच्या वाऱ्याच्या बोगद्यात नेली. हा बोगदा म्हणजे प्रचंड मोठं दालन, त्यात पंख्यांनी हवा तितका वारा सोडता येतो आणि यंत्र जागेवर ठेवूनच ते उडताना कसं वागेल हे मोजता येतं. दुरुस्त्या केल्या, पुन्हा मोजलं. वेग भरला तासाला पंचावन्न-छपन्न किलोमीटर. आपली टमटम उतारावर तेवढी जाते. आतली गरमी वेगळीच. जेटच्या झोताच्या नळ्या माणसाच्या शेजारून गेलेल्या. डिसेंबर १९६१मध्ये काम बंद केलं. तोवर सुमारे एक कोटी अमेरिकी डॉलर खर्च झाले होते. दोन तबकड्या बनल्या, दोन्ही आज अमेरिकेतल्या संग्रहालयांत आहेत.

तिसरी गोष्ट थोडक्यात, कारण ती ऐकून हसू येतं आणि आज पुढे जरा कठीण ऐकायचं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, इंग्रजांना फ्रान्सच्या किनाऱ्यावरची जर्मनांची काँक्रीटची जाड भिंत फोडायची होती. त्यांनी दहा फूट उंचीची दोन लाकडी चाकं केली, मध्ये सुरुंगाच्या दारूचं पिंप आणि चाकांच्या कडेने अग्निबाण बांधले. बाण पेटले की चाकं फिरावीत आणि यंत्र आपलं आपण धावत जाऊन भिंतीवर आदळावं. दिवाळीतलं भुईचक्र उभं केलं असं समजा, पण माणसाच्या दुप्पट उंचीचं. नाव पँजँड्रम. डेव्हन भागातल्या समुद्रकिनाऱ्यावर पिंपात वाळू भरून चाचण्या केल्या. गुप्त काम म्हणायचं, आणि किनाऱ्यावर सुट्टीला आलेली माणसं बघायला जमलेली! कधी एका चाकाचे बाण आधी विझायचे, कधी सुटून पळायचे आणि यंत्र भलतीकडेच वळायचं. जानेवारी १९४४च्या शेवटच्या चाचणीत ते बघायला आलेल्या अधिकाऱ्यांच्याच दिशेने फिरलं आणि सगळे पळत सुटले. पुन्हा कुणी त्याचं नाव काढलं नाही.

या तिन्ही गोष्टींवर हसावं, पण मला त्या करणाऱ्यांबद्दल एक आदर आहे. त्यांनी यंत्र उघड्यावर आणलं, वारा सोडला, वजन ठेवलं, टेप लावून मोजलं. तीन फूट भरलं तर तीन फूटच लिहिलं. पैसा गेला, नाव गेलं, पण त्या तबकडीत बसवून कुणा पोराला लढाईवर पाठवलं नाही. नवं काही करायचं तर दहातली नऊ फसणारच, आपल्या गटाचे पापडसुद्धा पहिल्या वर्षी फसलेच होते.

चीड येते ती पुढच्या गोष्टीची.

इराक हा देश. २००३नंतर तिथे रोज कुठे ना कुठे बाँब फुटत होते. बाजारात, सरकारी कचेरीबाहेर, नाक्यावर. सरकारला गाड्यांमध्ये लपवलेले बाँब ओळखणारं यंत्र हवं होतं. इंग्लंडच्या एका कंपनीने ते आणून दिलं, नाव एडीई ६५१. दिसायला कसं? पिस्तुलासारखी काळी मूठ, तिला पुढे एक लांब दांडी, रेडिओच्या एरियलसारखी. दांडी डावी-उजवीकडे सहज फिरणारी. त्याला बॅटरी नाही, सेल नाही, वायर नाही. कंपनी म्हणायची, माणसाच्या अंगातल्या विजेवर चालतं. मूठ धरून गाडीच्या बाजूने चालायचं, बाँब असला की दांडी आपोआप तिकडे वळणार. नुसता बाँब नाही हो, बंदुका, अंमली पदार्थ, हस्तिदंत, माणूससुद्धा शोधेल. जमिनीखालचं, पाण्याखालचं, विमानातून खालचं. त्यासाठी फक्त वेगवेगळी कार्डं घालायची.

एकेका यंत्राची किंमत चाळीस हजार डॉलरपर्यंत लावली. इराकने अशी हजारो घेतली. बगदादच्या नाक्यानाक्यावर शिपाई ही मूठ धरून उभे राहिले. ऑक्टोबर २००९मध्ये त्याच शहराच्या मध्यभागी स्फोटकांनी भरलेल्या गाड्या पोचल्या आणि दीडशेहून जास्त माणसं गेली.

२०१०च्या जानेवारीत बीबीसीने हे प्रकरण बाहेर काढलं. केंब्रिज विद्यापीठातल्या तज्ज्ञाकडून ते कार्ड फोडून बघितलं. आत काय निघालं? मोठ्या दुकानात कपड्याला चोरी होऊ नये म्हणून चिकटवलेली पट्टी असते ना, तेवढीच. बाकी काही नाही. आणि सगळ्या यंत्राचं मूळ? अमेरिकेत गवतात हरवलेला गोल्फचा चेंडू शोधायचं म्हणून वीस डॉलरच्या आत विकलं जाणारं एक गंमतीचं खेळणं. विकणारा जेम्स मॅकॉर्मिक याला २०१३ साली लंडनच्या न्यायालयाने फसवणुकीबद्दल दहा वर्षांची शिक्षा दिली. इराकमध्येही एका वरिष्ठ अधिकाऱ्याला लाच घेतल्याबद्दल तुरुंगात टाकलं. तरी नाक्यांवरच्या दांड्या फिरतच राहिल्या! शेवटी जुलै २०१६मध्ये बगदादच्या कर्रादा भागात ईदच्या खरेदीच्या गर्दीत स्फोट झाला, तीनशेहून जास्त माणसं मेली, तेव्हा कुठे पंतप्रधानांनी ही यंत्रं काढून घ्यायचा हुकूम दिला. विक्रेत्याला शिक्षा झाल्यावर तीन वर्षांनी.

तुम्ही म्हणाल, एवढे शिकलेले लोक, कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? त्याचं उत्तर त्या दांडीत आहे. सहज फिरणारी दांडी हातात धरली की मनगट केसभर कललं तरी ती वळते. आणि मनात जिकडे संशय असतो तिकडे मनगट आपल्या नकळत कलतं. धरणारा लबाडी करत नसतो, त्याला खरंच वाटतं की दांडीनेच ओढ घेतली. विहिरीची किंवा बोअरची जागा दाखवायला पाणाड्या येतो, त्याच्या हातातली दुबेळकी काडी कशी वाकते किंवा तळहातावरचा नारळ कसा उभा राहतो, ते तुम्ही पाहिलंय. इराकमधलं यंत्र म्हणजे तीच काडी, फक्त काळी मूठ लावलेली आणि चाळीस हजार डॉलरची.

दुसरं म्हणजे, यंत्र कधीच चुकायचं नाही. चुकायचा तो माणूस. बाँब सापडला नाही? तू नीट विश्रांती घेतली नव्हतीस. तुझ्या छातीचे ठोके वाढलेले होते. बाँब नसताना दांडी वळली? गाडीतल्या बाईने अत्तर लावलं असेल, नाहीतर कुणाच्या दातात चांदी भरलेली असेल. मैत्रिणींनो, हे बोलणं ओळखीचं वाटतं का? अंगारा लावूनही पोराचा ताप उतरला नाही, तर पोराच्या आईनेच काहीतरी पाळलं नसेल. ज्या वस्तूचा दोष कायम वापरणाऱ्याच्या माथी मारला जातो, तिच्यापासून चार हात लांबच राहावं, असं माझं मत.

आणि खरंखोटं करायला लागतं किती? थायलंडमध्ये असंच दुसऱ्या इंग्रज माणसाने विकलेलं जीटी २०० नावाचं यंत्र होतं. तिथल्या दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत तर दांडी घराकडे वळली म्हणून माणसं पकडून नेली. म्हणजे इराकमध्ये बाँब सुटला आणि इथे निरपराध माणूस अडकला, एकाच काडीने. शेवटी फेब्रुवारी २०१०मध्ये तिथल्या सरकारने चाचणी घेतली. चार डबे. एकात स्फोटक, तीन रिकामे. कशात ठेवलंय हे यंत्र धरणाऱ्याला माहीत नाही आणि त्याच्याजवळ उभ्या असलेल्यालाही माहीत नाही. असं वीस वेळा. वीसपैकी चार वेळा बरोबर निघालं. चारातला एक डबा डोळे मिटून बोटाने दाखवला तरी वीसपैकी पाचेक वेळा बरोबर यावा, असा साधा हिशेब आहे. यंत्र त्याच्याही खाली.

चार डबे, एक दुपार आणि कुणाची भीड न धरणारा माणूस. एवढ्यात झालं. ही चाचणी कुठल्याही गटाला करता येते. बोअरसाठी कर्ज काढण्याआधी चार बंद पिंपं अंगणात ठेवा, एकात पाणी भरा आणि काडीवाल्याला बोलवा. पिंप भरणारीने मात्र तेव्हा घरात जाऊन बसायचं. तिचा चेहरा बघून माणूस ओळखतो. राग मानला तर मानू द्या. भूजल खात्याकडे विचारणा करायचा रस्ताही आहेच, पण आजचा विषय तो नाही.

मागे असं काही बोलले तेव्हा एक आजी उठून म्हणाल्या होत्या, "आपल्याकडे तर पूर्वीपासून विमानं होती की!" हा प्रश्न टाळायचा नाही. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, ही गोष्ट आपल्याकडे फार सांगितली जाते. मराठी माणसाला ती ऐकून बरं वाटतं, मलाही वाटतं. पण तिलासुद्धा तेच विचारायला हवं: किती उंच गेलं, किती वेळ राहिलं, मोजलं कुणी? गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. जुन्या विमानांचा म्हणून ज्याचा हवाला देतात, त्या वैमानिक शास्त्राचं मात्र रीतसर मोजमाप झालेलं आहे. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली त्यातल्या विमानांची चित्रं आणि मापं घेऊन हिशेब मांडला. वजन किती, उचलणारा जोर किती, हवेत तोल राहील का. त्यांना आढळलं की त्यातलं एकही विमान उडणारं नाही, आणि ते पुस्तकही प्राचीन नसून विसाव्या शतकातलं आहे. हे पाच जण आपल्याच देशाचे, आपल्याच संस्थेतले. परदेशी तबकडी तीन फुटांवर अडकते हे सांगायला आपल्याला मजा येते, तर घरच्या विमानालाही तोच टेप लावला पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण तो लांबून फिरून आपल्या अंगणात आलाय. पायाखाली पंखे असलेलं यंत्र तेव्हा फसलं, मग आज आपल्या शेतावर औषध मारणारा ड्रोन कसा उडतो? त्यालाही पंखेच आहेत, धावपट्टी लागत नाही, वारा असला तरी जागेवर उभा राहतो. फरक तोल सांभाळणाऱ्यात आहे. एरोसायकलवर तोल माणसाने अंग झुकवून सांभाळायचा होता. ड्रोनच्या पोटात कल ओळखणारी नखाएवढी यंत्रं असतात आणि एक छोटा संगणक. ड्रोन केसभर कलला की ज्या बाजूला कलला त्या बाजूचे पंखे जोरात, दुसरे हळू, असं सेकंदाला शेकडो वेळा चालू असतं. माणसाच्या हाताला ते कधी जमलंच नसतं. म्हणजे विचित्र दिसतंय म्हणून एखादी वस्तू खोटी ठरत नाही. सत्तर वर्षांपूर्वी जे जमलं नाही ते पुढे जमू शकतं, फक्त ते जमलंय हे दाखवावं लागतं.

आणि ते बघायची वेळ आता आपल्यावर आली आहे. केंद्र सरकारच्या नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरातल्या पंधरा हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचं ठरलं. किमतीच्या ऐंशी टक्के, जास्तीत जास्त आठ लाख रुपये, सरकार देणार आणि उरलेले गटाने उभे करायचे, हवं तर कर्ज काढून. गटातल्या एकीला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. योजनेबाहेरही ड्रोन विकणारे गावोगाव फिरू लागलेत. कुणी रंगीत कागद दाखवतं, कुणी मोबाईलवर व्हिडिओ. कागदावर सगळंच दहा हजार फूट उडतं.

आमच्याच भागात एका गटापुढे असं प्रात्यक्षिक झालं, मी तिथे होते. सकाळी सात वाजता, वारा पडलेला. पोराने ड्रोन उडवला, वर नेला, गोल फिरवला, फोटोसुद्धा काढले सगळ्यांचे. टाळ्या वाजल्या. मग गटाच्या अध्यक्षबाई पुढे आल्या, सातवी शिकलेल्या, आणि टाकीवर टिचकी मारून म्हणाल्या, "ही रिकामी आहे का रे?"

तो म्हणाला, "हो काकू, दाखवायला कशाला भरायची?"

"आम्ही काय रिकामी टाकी फवारणार आहोत? भर पाणी."

भरली. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन. ड्रोन उडाला, पण फार लवकर खाली आला, बॅटरी उतरली. बाईंनी नातवाला घड्याळ लावायला सांगितलंच होतं. त्यांनी वहीत मिनिटं लिहून घेतली. मग एकामागून एक प्रश्न सुरू झाले, मला मध्ये बोलावंच लागलं नाही. एका बॅटरीत किती गुंठे होतात? बॅटरी भरायला किती वेळ, आणि आमच्याकडे दिवसा वीज नसते तेव्हा काय? किती वर्षांनी बॅटरी बदलायची, तिची किंमत काय? पातं मोडलं तर दुरुस्ती तालुक्याला होते का पुण्याला न्यायचं? बांधावरच्या बाभळीत अडकला तर विमा मिळतो का? उडवायचं सरकारी प्रमाणपत्र कुणाच्या नावावर? शेजारच्या द्राक्षबागेत औषध उडालं तर भांडण कुणी मिटवायचं?

त्या पोराला निम्म्यांची उत्तरं येत होती, आणि ती त्याने सरळ दिली. उरलेली विचारून सांगतो म्हणाला. मला तो प्रामाणिक वाटला. बाईंनी त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "उद्या दुपारी तीनला ये, वारा असतो तेव्हा. टाकी भरून आण आणि बॅटरी दोन आण. आम्ही अर्धा एकर दोरीने आखून ठेवतो."